विश्लेषण : सिग्नलवर गाडी तापते, हायवेवर थंड होते… बिघाड नेमका कुठे?

जुन्या गाडीचा तापमानाचा काटा फक्त ट्रॅफिकमध्ये वर चढत असेल, तर पहिला संशय रेडिएटर किंवा हेड गॅस्केटवर नव्हे, कूलिंग फॅनवर घ्यायला हवा. फ्यूज, रिले, मोटर आणि स्विच या चार गोष्टी क्रमाने तपासल्या तर मोठा खर्च टळू शकतो. ही तपासणी कशी करायची आणि रस्त्यात गाडी तापली तर काय करू नये, याविषयी…

उन्हाळा सुरू झाला की बोनेट उघडून रस्त्याकडेला उभ्या असलेल्या जुन्या गाड्या जागोजागी दिसू लागतात. गॅरेजमध्ये तक्रार एकाच वाक्यात सांगितली जाते : ‘गाडी तापतेय’. त्यावर मिळणारे सल्ले मात्र वेगवेगळे असतात. कोणी रेडिएटर बदलायला सांगतो, कोणी वॉटर पंप, तर कोणी थेट हेड उघडायची भाषा करतो. अनेकदा हे सगळे करूनही पुढच्या आठवड्यात त्याच सिग्नलवर काटा पुन्हा वर जातो, कारण मूळ दोष काही शे रुपयांच्या रिलेत किंवा गंजलेल्या एका वायरीत असतो.

हा प्रश्न थोड्याथोडक्या लोकांचा नाही. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घेता येते. शेवटची मारुती ८०० कारखान्यातून जानेवारी २०१४मध्ये बाहेर पडली. त्या वर्षी नोंदवलेल्या गाडीची पहिली १५ वर्षेसुद्धा २०२९मध्ये संपतील. म्हणजे झेन, सँट्रो, वॅगन आर, इंडिका यांच्या पिढीतल्या गाड्या अजून काही वर्षे रस्त्यावर दिसणार आहेत. त्यांचे इंजिन धडधाकट असते, पण १५-२० वर्षे धूळ, पाणी आणि उष्णता सोसलेल्या वायरी आणि मोटर त्याआधीच थकतात.

गाडी ‘तापते’ म्हणजे नेमके काय होते?

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनातील ऊर्जेपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश भागच चाके फिरवण्याच्या कामी येतो. उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. तिचा एक मोठा वाटा सायलेन्सरमधून जातो आणि जवळपास तेवढाच वाटा इंजिनाभोवती फिरणाऱ्या कुलंटला वाहून न्यावा लागतो.

वॉटर पंप हे कुलंट इंजिनातून रेडिएटरकडे ढकलतो. वाटेत थर्मोस्टॅट नावाची झडप असते. इंजिन थंड असताना ती बंद राहते आणि कुलंट साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला पोहोचले की उघडते. मग गरम कुलंट रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून वाहते आणि नळ्यांमधल्या जाळीतून जाणारी हवा त्याची उष्णता घेऊन जाते. यातला एक जरी दुवा तुटला, तरी काटा वर चढतो.

मग फॅनची गरज कधी लागते?

गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर समोरून सेकंदाला सुमारे १६ ते १७ मीटर वेगाने वारा येतो. रेडिएटरला तो पुरेसा असतो. साधारणपणे ताशी ४०-५० किलोमीटरच्या पुढे फॅनची फारशी गरज उरत नाही. सिग्नलला, टोलनाक्याच्या रांगेत किंवा बोरघाटात ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढताना मात्र वारा नसतो आणि इंजिन उष्णता तयार करतच असते. त्या वेळी हवा ओढून घ्यायचे काम एकट्या फॅनला करावे लागते.

उन्हाळ्यात फॅनवरचा ताण आणखी वाढतो. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो, हे कुलंट आणि हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. कुलंट ९५ अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल, तर फरक ७० अंशांचा. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली, की तो फरक ५०वर येतो. म्हणजे तोच रेडिएटर आणि तेवढीच हवा असूनही उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता जवळपास ३० टक्क्यांनी घटते. हिवाळ्यात जेमतेम चालणारा फॅन उन्हाळ्यात उघडा पडतो, तो यामुळेच.

पहिला प्रश्न : गाडी कधी तापते?

बोनेट उघडण्याआधी या प्रश्नाचे उत्तर मिळायला हवे. मेकॅनिकला ‘गाडी तापते’ एवढेच सांगण्यापेक्षा ‘कधी तापते’ हे सांगितले, तर निम्मे निदान तिथेच होते.

• थांबल्यावर किंवा संथ ट्रॅफिकमध्ये तापते आणि वेग घेतल्यावर काटा खाली येतो : पहिला संशय फॅनवर.

• हायवेवर, वेगात किंवा लांब चढावर तापते आणि थांबल्यावर सावरते : रेडिएटर चोक असणे, कुलंट कमी असणे, वॉटर पंप किंवा थर्मोस्टॅट.

• सुरू केल्यापासून काही मिनिटांतच काटा झपाट्याने चढतो : थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकणे, कुलंट संपलेले असणे किंवा इंजिनात हवा अडकणे.

• कुठेही गळती दिसत नाही, तरी कुलंट कमी होत राहते. सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येतो, डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ दिसते किंवा इंजिन चालू असताना कुलंटच्या बाटलीत सतत बुडबुडे येतात : हेड गॅस्केट.

काट्याबाबत एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. अनेक गाड्यांत काटा मुद्दाम असा बसवलेला असतो, की तापमान पाच-दहा अंशांनी खाली-वर झाले तरी तो मधोमध स्थिर दिसतो. त्यामुळे तो मध्यापासून हलला याचा अर्थ बरेच काही घडून गेलेले असते. काही छोट्या गाड्यांत काटाच नसतो, थेट लाल दिवा लागतो. अशा गाडीत ओबीडी सॉकेट असेल, तर ब्लूटूथवर चालणारा छोटा स्कॅनर लावून कुलंटचे तापमान मोबाइलवर पाहता येते. त्यापेक्षा जुन्या गाड्यांत ही सोय नसते, तिथे काट्यावरच नजर ठेवावी लागते.

फॅन सुरू कसा होतो?

रेडिएटरमागच्या विजेच्या फॅनला कोणीतरी ‘आता सुरू हो’ असे सांगावे लागते. हे सांगण्याच्या दोन पद्धती आहेत.

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत रेडिएटरच्या टाकीत किंवा इंजिनावर थर्मोस्टॅटजवळ एक थर्मो स्विच बसवलेला असतो. कुलंट साधारण ९५ ते १०० अंशांना पोहोचले की तो जोडला जातो, फॅन सुरू होतो आणि तापमान काही अंशांनी उतरले की बंद होतो. हा स्विच म्हणजे विजेचे साधे बटणच, फक्त ते उष्णतेने दाबले जाते.

२०००च्या आसपास पेट्रोल गाड्यांत इंधन इंजेक्शन रुळले आणि हे काम ईसीयू म्हणजे गाडीच्या संगणकाकडे गेले. कुलंटमध्ये बुडालेला सेन्सर तापमान कळवतो, ईसीयू निर्णय घेतो आणि रिलेला आदेश देतो.

दोन्ही पद्धतींत फॅनला लागणारी वीज बॅटरीपासून फ्यूज, रिले आणि वायरींतून मोटरपर्यंत जाते आणि बॉडीच्या अर्थिंगमधून परत येते. छोट्या गाडीचा फॅनसुद्धा दहा-पंधरा अँपिअर विद्युतप्रवाह ओढतो, सुरू होताना त्याहूनही जास्त. एवढ्या प्रवाहाला गंजलेला, सैल झालेला एक सांधाही पुरतो, तिथेच उष्णता निर्माण होते आणि कनेक्टर वितळतो.

एसीची चाचणी काय सांगते?

सर्वांत सोपी तपासणी कोणत्याही हत्याराशिवाय होते. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन सुरू. आता एसी लावा आणि कोणालातरी समोरच्या जाळीतून फॅनकडे पाहायला सांगा. बहुतेक गाड्यांत एसी सुरू झाला की काही क्षणांत फॅनही फिरू लागतो.

फॅन फिरला, तर मोटर आणि तिचा वीजपुरवठा शाबूत आहे. गाडी तरीही ट्रॅफिकमध्ये तापत असेल, तर संशय थर्मो स्विच, तापमानाचा सेन्सर किंवा त्यांच्या वायरींवर जातो. फॅन फिरलाच नाही, तर फ्यूज, रिले, अर्थिंग किंवा मोटर यांपैकी काहीतरी बिघडले आहे.

इथे दोन गोष्टींची खबरदारी घ्यावी. काही गाड्यांत दोन फॅन असतात, एक रेडिएटरचा आणि दुसरा एसीच्या कंडेन्सरचा. एसी लावल्यावर त्यातला नेमका कोणता फिरला, हे पाहायला हवे. शिवाय एसीचा गॅस संपलेला असेल, तर कॉम्प्रेसर सुरूच होत नाही आणि चांगला फॅनही गप्प राहू शकतो.

फ्यूज, रिले, मोटर, स्विच : तपासणीचा क्रम कसा असावा?

स्वस्त आणि सोप्या गोष्टीपासून सुरुवात करून महागड्या गोष्टीकडे जाणे, हा यातला नियम. पहिल्या दोन पायऱ्या कोणताही गाडीमालक करू शकतो. पुढच्या पायऱ्यांसाठी ऑटो इलेक्ट्रिशियनची मदत घेतलेली बरी. स्विचची चाचणी सोडली, तर बाकी तपासणी इंजिन थंड आणि किल्ली बंद असतानाच सुरू करावी. गरम इंजिनाजवळचा फॅन काही गाड्यांत किल्ली बंद असतानाही अचानक फिरू लागतो.

१. फ्यूज : फ्यूज बॉक्सच्या झाकणावर फॅनचा फ्यूज कोणता हे दिलेले असते. तो काढून आतली पट्टी तुटली आहे का, पाय काळे पडले आहेत का, हे पाहावे. नवा फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा असावा. नवाही लगेच उडाला, तर मोटर जाम आहे किंवा वायर कुठेतरी बॉडीला टेकते आहे. अशा वेळी जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तांब्याची तार लावणे म्हणजे आगीला आमंत्रण.

२. रिले : हॉर्न किंवा हेडलाइटसाठी त्याच क्रमांकाचा रिले वापरलेला असेल, तर दोघांची अदलाबदल करून पाहावी. फॅन सुरू झाला तर दोष सापडला. रिलेचा ‘टिक’ आवाज येतो म्हणजे तो चांगला, असे मात्र नाही. आवाज आतल्या कॉइलचा असतो, वीज वाहून नेणारे संपर्क जळलेले असू शकतात.

३. पंखा हाताने फिरतो का : बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून एखाद्या काठीने पाते फिरवून पाहावे. ते सहज फिरायला हवे. जड जात असेल किंवा खरखर येत असेल, तर बेअरिंग संपले आहे. पात्याला हलकासा धक्का दिल्यावर बंद फॅन सुरू होतो, असा अनुभव येत असेल, तर मोटरचे कार्बन ब्रश झिजले आहेत.

४. मोटरपर्यंत वीज पोहोचते का : फॅनचा कनेक्टर काढून त्यावर टेस्ट लॅम्प लावायचा. फॅन चालायला हवा अशा स्थितीत दिवा लख्ख पेटला आणि तरीही फॅन फिरत नसेल, तर मोटर गेली. दिवा मंद पेटला, तर वायर किंवा अर्थिंग खराब. इथे फक्त मल्टीमीटरवर विसंबणे फसवे ठरू शकते. गंजलेल्या सांध्यातूनही मीटर १२ व्होल्ट दाखवतो, पण प्रत्यक्ष भार आला की तो सांधा तग धरत नाही.

५. मोटरला थेट वीज : फ्यूज लावलेल्या वायरीने मोटरला थेट बॅटरीवरून वीज द्यायची. फॅन जोरात फिरला, तर मोटर चांगली आणि दोष तिच्याआधी. प्लस-मायनसची उलटापालट झाली, तर फॅन उलटा फिरेल, एवढे सांभाळावे.

६. स्विच किंवा सेन्सर : दोन वायरींच्या थर्मो स्विचचा कनेक्टर काढून त्याच्या दोन टोकांना छोट्या वायरीने जोडायचे आणि किल्ली चालू करायची. फॅन फिरला, तर बाकी सगळे ठीक आणि स्विच निकामी. ईसीयूच्या गाडीत असे टोक जोडू नये. तिथे इंजिन सुरू ठेवून सेन्सरचा कनेक्टर नुसता काढायचा. बहुतेक गाड्यांत ईसीयू ‘सेन्सर बिघडला’ असे समजून खबरदारी म्हणून फॅन सतत चालवतो आणि इंजिनाचा दिवा लावतो. म्हणजे ईसीयूपासून फॅनपर्यंतची वाट मोकळी आहे, शोध सेन्सरकडे वळवायचा.

फॅन फिरतोय, तरी गाडी तापते, असे का?

फॅन फिरणे आणि फॅनने पुरेशी हवा ओढणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक साधी चाचणी आहे. फॅन चालू असताना वर्तमानपत्राचा कागद समोरच्या बाजूने रेडिएटर किंवा कंडेन्सरच्या जाळीवर धरायचा. तो जाळीला चिकटून राहिला, तर ओढ चांगली आहे. गळून पडला तर फॅन कमजोर आहे किंवा जाळी बुजली आहे. कागद बाहेर ढकलला गेला, तर फॅन उलटा फिरतो आहे. मोटर बदलताना वायरी उलट जोडल्या गेल्या, की असे होते.

फॅन संथ फिरत असेल, तर तो चालू असतानाच व्होल्टेज मोजायला हवे. बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि मोटरच्या कनेक्टरवर ११ व्होल्ट दिसत असतील, तर जवळपास तीन व्होल्ट वाटेतल्या गंजात वाया जात आहेत. अर्थिंगचा बोल्ट काढून, घासून पुन्हा घट्ट बसवला, तरी मोठा फरक पडू शकतो.

काही गाड्यांत फॅनला दोन वेग असतात. संथ वेगासाठीचा रेझिस्टर जळाला, की फॅन सुरुवातीला गप्प राहतो आणि तापमान फारच चढल्यावर एकदम जोरात सुरू होतो.

आणखी एक दुर्लक्षित भाग म्हणजे फॅनभोवतीचे प्लास्टिकचे कव्हर, म्हणजे श्राउड. दुरुस्तीत ते तुटते आणि पुन्हा बसवलेच जात नाही. ते नसेल, तर फॅन रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची गरम हवाच घुसळत बसतो. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत साचलेली धूळ आणि किडे हेही याच यादीत येतात. बाहेरून पाहिल्यावर जाळी स्वच्छ दिसते, पण हवा पलीकडे जात नाही.

फॅन निर्दोष असूनही सुरू होत नाही, हे कसे?

अनेकदा फसगत होते ती इथे. थर्मो स्विच किंवा सेन्सर हा कुलंटमध्ये बुडालेला असतो, हे गृहीत धरलेले असते. कुलंट कमी झाले आणि त्याच्याभोवती हवा किंवा वाफ उरली, तर त्याला खरे तापमान कळतच नाही. इंजिन उकळत असते आणि फॅन शांत असतो. काटाही अशा वेळी खोटे बोलू शकतो. आधी वर गेलेला काटा अचानक खाली पडला, तर तो दिलासा नसून कुलंट संपल्याची खूण असू शकते.

दुसरी शक्यता थर्मोस्टॅटची. स्विच रेडिएटरमध्ये असलेल्या गाडीत थर्मोस्टॅट बंद अडकला, तर गरम कुलंट रेडिएटरपर्यंत पोहोचतच नाही. रेडिएटर थंड, स्विच थंड, म्हणून फॅन बंद. इंजिन मात्र तापलेले. अशा वेळी वरचा होज पाइप आणि खालचा होज पाइप यांची तुलना उपयोगी पडते. काटा बराच वर असूनही रेडिएटर आणि खालचा पाइप गार लागत असेल, तर फॅनकडे नव्हे, थर्मोस्टॅट किंवा चोक झालेल्या रेडिएटरकडे पाहायला हवे. ही तपासणी इंजिन बंद करून आणि हात जपून करावी.

म्हणूनच कोणतीही वायर हातात घेण्याआधी, इंजिन पूर्ण थंड असताना, कुलंटची पातळी पाहणे ही खरी शून्यावी पायरी आहे. ती पाहताना फक्त बाटली पाहून थांबू नये. रेडिएटरला स्वतंत्र झाकण असेल, तर ते उघडून आत काठोकाठ कुलंट आहे का, हेही पाहावे. झाकणाचे रबर कडक झाले असेल, तर बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असे होऊ शकते.

सुमो, बोलेरोसारख्या गाड्यांचे काय?

इंजिन उभे बसवलेल्या अनेक जुन्या गाड्यांत फॅन विजेवर नाही, इंजिनाच्याच जोरावर फिरतो. अँबेसेडरमध्ये तो पट्ट्यावर थेट फिरत असे. पुढे सुमो, बोलेरोसारख्या गाड्यांत त्याच्या मध्ये व्हिस्कस कपलिंग आले. यात सिलिकॉन तेल असते. रेडिएटरची हवा गरम झाली, की हे तेल फॅनला इंजिनाच्या फिरण्याशी घट्ट जोडते आणि थंड असताना सैल सोडते.

इथे फ्यूज किंवा रिले शोधण्यात अर्थ नाही. पट्टा सैल आहे का, कपलिंगवर तेल ओघळल्याचे डाग आहेत का, हे पाहायचे. इंजिन गरम असताना बंद करून फॅन हाताने फिरवल्यावर तो अडखळायला हवा. तो भिंगरीसारखा फिरत राहिला, तर कपलिंग संपले आहे.

‘डायरेक्ट’ फॅन आणि काढून टाकलेला थर्मोस्टॅट, हे उपाय चालतात का?

जुन्या गाडीवर हे दोन इलाज सर्रास केले जातात. पहिला म्हणजे स्विच किंवा सेन्सर न शोधता फॅन थेट किल्लीवर जोडून देणे. घरी पोहोचण्यापुरता हा उपाय ठीक आहे. कायमचा केला तर मोटर दिवसभर फिरून लवकर झिजते. रिले आणि फ्यूज टाळून बारीक वायरीने जोडणी केलेली असेल, तर ती वायर तापते आणि आगीचा धोका निर्माण होतो.

दुसरा इलाज म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणे. ‘आपल्याकडच्या हवेत त्याची गरजच नाही’ असे सांगितले जाते, ते खरे नाही. थर्मोस्टॅट नसेल, तर इंजिनाला योग्य तापमानावर यायला फार वेळ लागतो. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू इंजिन थंड समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो, मायलेज घटते आणि झीज वाढते. मूळ दोष फॅनचा असेल, तर थांबलेली गाडी थर्मोस्टॅट काढल्यावरही तापणारच. कारण रेडिएटरमधून हवाच जात नसते.

तिसरी सवय साध्या पाण्याची. बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत थर धरतात आणि गंजही चढतो. कुलंटमुळे गंज रोखला जातो आणि उकळण्याचे तापमानही वाढते. रेडिएटरच्या झाकणाचा दाब आणि कुलंट यांच्या जोडीने हे तापमान १२५ अंशांच्या आसपास जाते. झाकण सैल आणि आत नुसते पाणी असेल, तर ही सगळी राखीव जागा निघून जाते आणि १०० अंशांनाच उकळी फुटते.

रस्त्यात काटा चढला तर काय करावे?

• एसी लगेच बंद करा. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात लावा. हीटरची जाळी हा एक छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनातली काही उष्णता केबिनमध्ये ओढून घेतो.

• घाटात असाल, तर समोरच्या अवजड वाहनाला चिकटून राहू नका. सुरक्षित जागा दिसताच गाडी बाजूला घ्या.

• काटा लाल पट्ट्यात गेला, दिवा लागला किंवा वाफ दिसली, तर इंजिन बंद करा. ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ हा विचार सोडा.

• रेडिएटरचे झाकण उघडू नका. आतले कुलंट दाबाखाली १०० अंशांच्या वर असते. झाकण सैल होताच दाब उतरतो, त्याची क्षणात वाफ होते आणि उकळता फवारा थेट चेहऱ्यावर येतो. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. त्यानंतरही झाकणावर जाड फडके टाकून ते हळूहळू फिरवा.

• तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका. अचानक बसलेल्या थंडाव्याने हेड किंवा ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

तशीच दामटली तर किती महाग पडते?

बहुतेक इंजिनांचे हेड ॲल्युमिनियमचे असते आणि अनेक जुन्या इंजिनांत ब्लॉक बिडाचा. तेवढ्याच तापमानवाढीला ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. मर्यादेपलीकडे तापले, की हेड वाकते आणि मधले गॅस्केट उडते. मग हेड उतरवून लेथवर फेसिंग करावे लागते, नवे गॅस्केट, ऑइल, कुलंट आणि काही दिवसांची मजुरी लागते. जुन्या छोट्या गाडीच्या बाजारभावाशी तुलना केली, तर अशी दुरुस्ती ‘करावी की गाडीच विकावी’ असा प्रश्न उभा करते. दुसऱ्या बाजूला फ्यूज, रिले, थर्मो स्विच हे सुटे भाग स्वस्त आहेत आणि फॅनची मोटरही हेडच्या कामाच्या तुलनेत किरकोळ ठरते.

म्हणूनच क्रम महत्त्वाचा. ट्रॅफिकमध्येच तापणाऱ्या गाडीचे हेड उघडण्याआधी ‘फॅन कोणत्या तापमानाला सुरू होतो, ते दाखवा’ एवढी एक मागणी गाडीमालकाने करायलाच हवी. मात्र गाडी आधीच लाल पट्ट्यात चालवली गेली असेल, तर फॅन दुरुस्त झाल्यावर गॅस्केटचीही तपासणी करून घ्यावी. कारण आणि परिणाम, दोन्ही एकाच गाडीत सापडू शकतात.

गाडी ताब्यात घेताना काय पाहावे?

बिल देण्याआधी पंधरा-वीस मिनिटे काढावीत. एसी बंद ठेवून गाडी जागेवरच सुरू ठेवायची आणि काटा पाहत राहायचे. तो मध्यावर येऊन थोड्याच वेळात फॅन आपोआप सुरू व्हायला हवा, काही वेळाने बंद व्हायला हवा आणि पुन्हा सुरू व्हायला हवा. ही चालू-बंद फेरी किमान दोनदा दिसली आणि काटा जागचा हलला नाही, तर दुरुस्ती योग्य झाली. फॅन पहिल्या क्षणापासून अखंड फिरत असेल, तर तो ‘डायरेक्ट’ केला आहे का, हे विचारावे. मग एसी लावून पुन्हा पाहावे आणि इंजिन थंड झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कुलंटची पातळी तपासावी. पातळी तेवढीच असेल, तर गाडी घाटात न्यायला हरकत नाही.